कान ओढणारी मुलगी

“ती कान ओढते तेवढं जवळून घे,” सलील फोनवर सांगत होता. “आणि मागून तुझा आवाज. मूल बोलत नाही, पण त्याचं दुखणं बोलतं, असं काहीतरी. बघणाऱ्याला भिडलं पाहिजे.”

“आणि आज तिनं ओढलाच नाही तर?”

“रविवार आहे ना? तूच म्हणालीस, रविवारी हटकून ओढते.”

ते खरं होतं. मी फोन तिपाईवर अडकवला, खिडकीचा उजेड तोंडावर पडेल अशी खुर्ची सरकवली आणि सगुणाला समोर बसवलं. सगुणा दहा वर्षांची. तेल लावून चप्प बसवलेले केस, कानामागं मशीन आणि नजर सारखी माझ्या खांद्यावरून फाटकाकडं. रविवार हा पालकभेटीचा दिवस.

गडहिंग्लजच्या बाहेर माळावर आमची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती. मी तिथं वाणी शिकवायला होते. वय तेवीस आणि जगाच्या कल्याणाचा मक्ता घेतलेला. कॉलेजात असताना मी आणि सलील तासन्‌तास एकाच गोष्टीवर वाद घालायचो: आयुष्य एकदाच मिळतं, तर त्यातून जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं कसं होईल? हे बोलताना आम्ही भज्यांची दुसरी प्लेट मागवायचो आणि मग ती खाल्ल्याबद्दल मला दोन दिवस अपराधी वाटायचं. घरचे म्हणायचे, पोरगी हुशार आहे पण जरा जास्तच शिजलीय.

सलील आता पुण्यात एका संस्थेत होता. आमच्यासारख्या मुलांच्या आई-वडिलांसाठी छोटे छोटे धडे चित्रित करून ते राज्यभर फोनवर पाठवायचे, असं त्यांचं काम. त्यांना माझ्यासारखी एक जण हवी होती. नमुन्याचा एक धडा पाठवायचा, शितावरून भाताची परीक्षा. आवडला तर नोकरी. विषयही सलीलनंच सुचवला होता: न बोलणाऱ्या मुलाला कुठं दुखतंय हे कसं ओळखावं.

“तू तिथं बसून किती जणांपर्यंत पोचतेस, केतकी?” तो नेहमी विचारायचा.

मी रोज आरशासमोर एका मुलीपर्यंत पोचत होते. म्हणजे, पोचायचा प्रयत्न करत होते. सगुणा शाळेत आली तीच उशिरा, एकही शब्द गाठीला नसताना. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, ‘प’ म्हटलं की ती फडफडते हे दाखवायचं, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा, मग तिच्या. वर्षभर हेच. तेवढ्या काळात ‘पा’ आणि ‘बा’ जमले. ‘आई’ जमेना. आई म्हणताना ओठ मिटत नाहीत, त्यामुळं बघून उचलावं असं ओठांवर काही घडतच नाही. सगळ्यांचा पहिला शब्द म्हणून जो मिरवतो, तोच आमच्या मुलांना सगळ्यात अवघड. तिची आई दर भेटीला विचारायची, “आई म्हणती का वो बाई?” आणि मी म्हणायचे, “म्हणेल.”

एक वर्ष आणि दोन अक्षरं. मला हा हिशेब बोचायचा. आणि सोडून जायचं म्हटलं की आरशातला तिचा चेहरा बोचायचा. काही झालं तरी बोचायचंच, आणि हे बोलायला तिथं कुणी नव्हतं.

खरं सांगते, त्या शाळेत माझ्याइतकं एकटं कुणी नसेल. जेवणघरात मुलं पंगतीनं बसायची. ताटवाट्यांचा आवाज सोडला तर सगळं शांत आणि जिकडं तिकडं हात चाललेले. मध्येच एखाद्या टोकाला हशा पिकायचा. हातवारे मला निम्मे कळायचे, विनोद तर कधीच नाही. लग्नात बहिऱ्या आत्याला कोपऱ्यात पाट देतात आणि ती सगळ्यांकडं बघून हसत राहते, तशी मी हसत राहायचे. इथं बहिरी मी होते.

मुलांची एकमेकांना हाक मारायची तऱ्हा मात्र मला लवकर कळली होती. ती माणसाला नाव ठेवतात ते अंगावरून. आमचे मुख्याध्यापक देशिंगकर सर. त्यांच्या गालावर चामखीळ. गालावर बोट टेकवलं की सर. स्वयंपाकाच्या मावशी एका पायानं लंगडत. दोन बोटं तिरपी चालवली की मावशी. त्यात टिंगल नसते. डोळ्यांना जे पहिलं दिसतं ते नाव, बस. माझं काय नाव ठेवलंय ते मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

तर, त्या रविवारी मी फोन चालू केला आणि हातांनी सगुणाला विचारलं, “दुखतं?”

तिनं नेहमीचंच केलं. डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून दोनदा ओढली आणि फाटकाकडं बोट दाखवलं. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर पुढं दवाखाना होता. दवाखान्यात ने म्हणते, असं मी वर्षभर समजत आले होते. नेलंही होतं. डॉक्टरांनी बघितलं, कान स्वच्छ. मशीनचा साचा टोचत असेल म्हणून तो बदलून घेतला. तरी ओढणं चालूच, आणि रविवारी जास्त.

“बघा,” मी फोनकडं वळून गोड आवाजात सुरुवात केली, “सगुणाला सांगता येत नाही. पण तिचा हात वारंवार कानाकडं जातो...”

एवढ्यात सगुणा खुर्चीवरून उडी मारून पळाली. फाटकातून तिची आई येत होती.

अक्काताई संकेश्वराकडच्या एका मिरचीच्या शेडमध्ये देठं खुडायच्या कामाला होती. डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवरून घट्ट ओढून हनुवटीखाली धरायची तिची सवय. शेडमधल्या तिखटाच्या खाटामुळं असेल, असं मला वाटायचं. तिनं पोरीला जवळ घेतलं ते कोपरानं. तिखटाचे हात तिच्या तोंडाला लागू नयेत म्हणून पंजे वर धरलेले. मग पिशवीतून बाटली काढली. लसणाचं तेल. दर भेटीला आणायची.

“बाई, तुमीच घाला की जरा,” ती म्हणाली. “माझं हात भाजत्यात. लईच ओढाय लागली काय वो कान?”

“ओढते अजून,” मी म्हणाले. मनात म्हटलं, हेही येऊ दे चित्रात. आईची माया, तेलाची बाटली. सलील खूश होईल. फोन चालूच होता. मी सगुणाला खुर्चीवर बसवून तिचं डोकं कलतं केलं, बाटलीचं बूच काढलं.

आणि अक्काताईला शिंका आल्या. एक, दोन, मग थांबेचनात. लुगड्याच्या घडीघडीत तिखट बसलेलं. तिनं तोंडाला पदर लावायला तो ओढला आणि तो डोक्यावरून पार खांद्यावर आला.

तिच्या डाव्या कानाची पाळी उभी फाटलेली होती. दोन वेगळे लोंबते तुकडे, मध्ये फट.

सगुणानं माझ्या हाताखालून डोकं सोडवून घेतलं. आईच्या कानाकडं बघितलं आणि तिचं तोंड असं फुललं की तसं मी ते वर्षभरात बघितलं नव्हतं. तिनं आपली डावी पाळी चिमटीत धरली आणि दोनदा ओढली. डोळे आईवर. दुखणारं मूल असं हसत नाही.

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली.

“मावशी,” मी म्हणाले, “कानाला काय झालं?”

तिनं घाईनं पदर वर घेतला. “ते व्हय? जुनं हाय. हिनंच केलं. वरसाची आसंल, कडेवर हुती. डूल धरून अशी लोंबकाळली, टरकन फाटलं बघा. तवापास्नं कानात काय घालत न्हाई मी. वंगाळ दिसतंय म्हणून झाकून घेतो.” आमच्या भागातल्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल ‘घेतो, जातो’ असंच बोलायची.

“आणि घरी ही कान कधी ओढायची?”

“सारकीच की. मी कामावनं आलो की दारात हुबी राहून ओढायची. जायला निगालो की ओढायची. शेजारीण सांगायची, तू गेलीस की वाटंकडं बघत ओढत बसती म्हणून. लई दुखत आसणार पोरीला.”

मी बाटलीला बूच लावलं.

“मावशी, तिचा कान दुखत नाही. कधीच दुखत नव्हता.” मी तिला गालावर बोट टेकवून देशिंगकर सर दाखवले. स्वयंपाकाच्या मावशींची लंगडी बोटं दाखवली. “मुलं अशी नावं ठेवतात. जे दिसतं त्यावरून. तिनं तुमचा कान बघितलाय लहानपणापासून. ती कान ओढते म्हणजे तुम्हाला हाक मारते.”

अक्काताई माझ्याकडं बघत राहिली. मग लेकीकडं. सगुणा पाय हलवत बसली होती, तिला आमचं काहीच माहीत नव्हतं.

“कवापास्नं?” अक्काताईनं विचारलं.

“तुम्ही म्हणता तेव्हापासूनच असेल. अगदी पहिल्यापासून.”

ती खाली फरशीवर बसली. मग बारीक आवाजात म्हणाली, “मी त्याल वतत हुतो, बाई. तिनं हाक मारली की मी तिला आडवी करून कानात त्याल वतत हुतो. ती वरडायची, हातपाय झाडायची. आन् मी आनखी दाबून धरायचो. म्हटलं दुखतंय म्हणून रडती.”

मीही तिला त्याच कानासाठी दवाखान्यात दाबून धरलं होतं.

अक्काताईनं पदर काढला. पूर्ण काढला, खांद्यावर टाकला आणि तसाच राहू दिला. सगुणानं लगेच पाळी ओढली.

“ओ,” अक्काताई म्हणाली.

सगुणा थबकली. आईचे ओठ गोल झालेले तिनं बघितले. पुन्हा पाळी ओढली.

“ओ!”

पुन्हा. “ओ!” पुन्हा. “ओ गं माझ्या बाई, ओ!” सगुणा हसायला लागली, घशातून मोठ्यानं, ज्या आवाजासाठी मी वर्षभर कागदाच्या पट्ट्या फडफडवल्या त्या आवाजात. अक्काताई रडत होती आणि दर खेपेला ओ देत होती. मी तिथं उगाच उभी होते. इतका आनंद डोळ्यांसमोर चालला होता आणि त्यात मला जागा नव्हती. असं कधी कुणाला वाटलं असेल का, मला ठाऊक नाही. मला वाटलं. पोरकं वाटलं.

जराशानं अक्काताईनं नाक पुसलं आणि विचारलं, “आन् मी हिला कशी हाक मारू?”

“तुम्ही ठरवा. तिच्या अंगावरचं काहीही. तिला कळेल असं.”

तिनं फार विचार केला नाही. स्वतःच्या टाळूवर बोट ठेवून ते गोल फिरवलं, एकदा आणि शेजारी आणखी एकदा. “दोन भवरं हैत हिला. जल्मली तवा मी पैलं तेच बगितलं.” मग पोरीचं डोकं वाकवून तिचं बोट तिच्याच टाळूवरून फिरवलं. सगुणानं आपलं डोकं चाचपलं, आईकडं बघितलं, पुन्हा चाचपलं. तिला दहा वर्षांनी आईकडून तिचं नाव मिळत होतं.

त्यानंतर अक्काताई उठली. “बाई, हिची कापडं कुठं ठेवल्यात?”

“का?”

“घरला न्हेतो.”

मी देशिंगकर सरांना बोलावलं. सर शांत माणूस, पण त्या दिवशी हबकले. त्यांनी मला बाजूला घेतलं. “केतकी बाई, त्या तुमचं ऐकतील. थांबवा त्यांना. दिवसभर आई शेडमध्ये, पोर घरात एकटी. एक खूण कळली म्हणजे भाषा आली का? होतं-नव्हतं ते सगळं विसरेल ती.”

सर बोलत होते त्यातला शब्दन्‌शब्द मला पटत होता. माझं सगळं शिक्षण तेच सांगत होतं. मी गेले आणि अक्काताईला तेच सांगितलं: इथं मैत्रिणी आहेत, हातांनी बोलणारी माणसं आहेत, पुढं लिहायला-वाचायला शिकेल, तिकडं तिच्याशी बोलायला कोण आहे?

तिनं सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही.

“खरं हाय समदं,” ती म्हणाली. “पर आता मला ठावं झालं न्हवं? ती हितं कान धरून फाटकाकडं बघणार आन् मी तिकडं देठं खुडत बसणार. आदी म्हाईत नव्हतं तवा सोडून जात हुतो. आता कसं जाऊ, तुमीच सांगा.”

जास्तीत जास्त भलं कशात आहे, याचा मी कॉलेजपासून अभ्यास करत होते. ती बाई उत्तरासाठी थांबली होती. मी आत जाऊन सगुणाचे दोन फ्रॉक, स्वेटर, मशीनची डबी असं सगळं पिशवीत भरलं.

“जाऊ दे सर,” मी म्हणाले. ते बरोबर होतं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. सरांनी डबी उघडून जास्तीचे सेल आहेत का ते बघितलं.

मग मी फोन तिपाईवरून काढला. तो एवढा वेळ चालूच होता. तेवढ्यात सलीलचाच फोन आला.

“झालं?”

“झालं. पण तो कान दुखत नव्हता, सलील.” मी त्याला सगळं सांगितलं.

“भारी आहे गं. खरंच. पण हा एका मुलीचा किस्सा झाला. हजार आयांना आपण काय सांगणार? मुलानं कान ओढला की हाक मारतंय असं समजा? बाकीच्यांचा कान खरंच दुखत असणार, केतकी. त्यांनी डॉक्टरकडं जायलाच हवं.”

त्याचं बरोबर होतं. तो चुकीचं बोलला असता तर मला किती सोपं गेलं असतं!

“दुसरं मूल घे,” तो म्हणाला. “उद्यापर्यंत होईल ना?”

मी दुसरं मूल घेतलं. पोट दुखणारा एक मुलगा, खरोखर दुखणारा. धडा चांगला झाला. मे महिन्यात मी पुण्याला गेले आणि इतकी वर्षं तेच काम करते आहे. माझे धडे कुठं कुठं जातात. नंदुरबारहून, गोंदियाहून अनोळखी बायका मला आशीर्वाद पाठवतात. त्यातल्या एकीचाही कान कसा आहे मला माहीत नाही. जूनमध्ये देशिंगकर सरांनी फोन करून कळवलं की सगुणा परत आली, आईनंच आणून सोडली, दर रविवारी येते म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं सर. मी कुठं गेले असं सगुणानं विचारलं का, हे मी विचारलं नाही, आणि सरांनी सांगितलं नाही.

पण त्या रविवारचं शेवटचं सांगायचं राहिलं.

मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. रस्ता उताराचा, खडीचा, ठिकठिकाणी उखडलेला. एसटीचा थांबा खाली वळणाच्या पलीकडं. अक्काताई पिशवी काखेला मारून पुढं आणि सगुणा मागं, अशा निघाल्या. चार पावलं गेल्या असतील. सगुणानं कान ओढला. आई पुढं बघून चाललेली, तिला कसं दिसणार? सगुणानं पुन्हा ओढला. मी फाटकातून ओरडणारच होते, तोवर अक्काताई आपणहून मागं वळली, तिला काय वाटलं कुणास ठाऊक. वळली आणि तिनं लेकीचा हात कानावर बघितला.

त्यानंतर ती पुढं तोंड करून चाललीच नाही. लेकीकडं तोंड करून ती उलटी चालायला लागली, पाठीनं उतार उतरत. सगुणा कान ओढायची, ती ओ द्यायची. ती टाळूवर बोट फिरवायची, सगुणा मान डोलवायची. पदर खांद्यावर, फाटका कान उन्हात उघडा, आणि पायांखाली काय आहे याची त्या बाईला शुद्ध नव्हती.

“मावशी, खड्डा!” मी ओरडले.

तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण पाय बाजूला टाकला.

“डावीकडं या! अजून! दगड आहे मागं!”

ती माझ्या आवाजावर चालत होती आणि डोळे लेकीवर ठेवत होती. मग मी फाटकावर चढून उभी राहिले, म्हणजे मला पुढचा रस्ता दिसेल. “सरळ! आता सरळ! सायकल येतेय, थांबा!” सायकलवाला आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत गेला. फोन खिशात पुन्हा वाजायला लागला होता. मी ओरडत राहिले. घसा बसला तरी ओरडत राहिले. वळणाच्या अलीकडं ओढ्यावर एक मोरी होती, तिथला कठडा पडलेला, तेवढी एक पार झाली पाहिजे असं मला वाटत होतं. “उजवीकडं, मावशी! उजवीकडं!”

ती उजवीकडं सरकली. मोरी मागं पडली. त्यापुढं माझा आवाज पोचत नव्हता.